एकावर निळा, सहावर पिवळा

माझ्या हातची नावं परभणी जिल्ह्यातल्या किती घरांत असतील, ते मला सांगता येणार नाही. कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमखाली, बुरशी धरलेल्या व्हिडिओ कॅसेटींमध्ये ती पडून असतील. कॅसेट सुरू झाली की पहिली दोन मिनिटं माझी असायची. आधी गणपती, मग चोचीत तोरण धरलेले दोन पोपट, मग 'चि.' आणि 'चि. सौ. कां.', मग आईवडील, मामा, आणि शेवटी 'आपले नम्र'. त्यानंतर नवरदेव घोड्यावर बसायचा आणि माझं काम संपायचं. बघणारे बहुतेक वेळा ती दोन मिनिटं पुढं पळवायचे. त्याचं मला तेव्हा वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

परभणीत आमचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. दुकान नवऱ्याचं. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण लेखात 'हे' आणि 'यांनी' असं किती वेळा लिहिणार, म्हणून इथं दत्तराव लिहिते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "लिही की, आता कोन अडवायलंय तुला." त्या काळात तेही मला 'अगं' आणि 'ऐकलं का' याखेरीज दुसरी हाक मारत नसत. सिंधू हे माझं नाव रेशनकार्डावर होतं, घरात ते कुणाच्या तोंडी नव्हतं.

ज्या मशीनबद्दल लिहायचं आहे तो एक घरगुती कॉम्प्युटर होता. दत्तरावांचे मित्र सलीमभाई आखातातली नोकरी संपवून परत आले, त्यांनी घरातल्या पोरांसाठी आणलेला. पोरांना चार महिन्यांत कंटाळा आला आणि दत्तरावांनी तो घेतला. पाटीएवढा काळा डबा, वर रबरी बटणं. टीव्हीला जोडायचा आणि साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून त्यात प्रोग्रॅम भरायचा. भरताना असा कर्कश आवाज यायचा की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "मिक्सर बिघडलाय का गं?" दत्तरावांना त्यावर लग्नाची टायटलं करायची होती. पण त्यात मराठी अक्षरं नव्हती. त्यांनी आठ दिवस डोकं फोडून घेतलं आणि मशीन कपाटावर टाकलं.

मी तेव्हा मुलींचे शिवणाचे आणि मॅटीवरच्या भरतकामाचे क्लास घ्यायची. मॅटी म्हणजे चौकटीचौकटीचं जाड कापड. त्यावर फुलीचे टाके घालून पोपट, हंस, फुलांच्या परड्या भरायच्या. नमुना आधी आलेखाच्या वहीत काढायचा, मग एकेक चौकट मोजत सुई चालवायची. एका दुपारी मशीनबरोबर आलेलं पुस्तक मी सहज चाळलं. माझं इंग्रजी बेताचंच, पण एका पानावर चित्र होतं. आडव्या आठ चौकटी, उभ्या आठ चौकटी, त्यातल्या काही काळ्या केलेल्या. ते बघून मी मशीन कपाटावरून खाली उतरवलं. हा सरळसरळ मॅटीचा नमुना होता.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीव्हीचा पडदा अशा लहान लहान घरांचा बनलेला. एका घरात चौसष्ट ठिपके. ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीचा एक आकडा काढायचा, म्हणजे एका घराला आठ आकडे. आपल्या 'क'ला चार घरं लागायची, 'क्ष'ला सहा. मशीनमधली इंग्रजी अक्षरं हटवून त्यांच्या जागी आपली बसवता यायची, मशीन काही तक्रार करत नसे. सव्वा महिन्यात मी सगळी अक्षरं भरली. भरली हाच शब्द बरोबर आहे. एका घरात दोनच रंग घालता यायचे, तिसरा घालायला गेलं की घर बिघडायचं. दत्तरावांना ती मोठी खोड वाटायची. मला वाटली नाही, दोन रंगांत पोपट भरायची सवय हाताला आधीपासूनच होती.

रंग सगळे मिळून आठ. आकड्यांच्या बटणांवरच त्यांची नावं छापलेली. शून्यावर काळा, एकावर निळा, दोनवर लाल, तीनवर राणी, चारवर हिरवा, पाचवर आकाशी, सहावर पिवळा, सातवर पांढरा. ही क्रमवारी मला पहिल्या दिवसापासून खटकायची. इंद्रधनुष्याचे रंग शाळेत 'तानापिहिनिपाजा' असे पाठ केलेले, त्यात हे बसत नव्हतं. दोऱ्यांच्या लडींच्या कार्डावर रंग लावतात तसंही नव्हतं. मशीन बनवणाऱ्या साहेबानं रंग हातात धरून नुसते फेकलेत, असं मी म्हणायची. हे वाक्य मला पुढं परत घ्यावं लागलं.

एक शिक्षक त्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, आणि त्यांच्या लग्नाची तारीखसुद्धा एका बंदमुळं चार दिवस पुढं गेली होती. ते म्हणाले, "ताई, सुरुवातीला पंचशील ध्वज पायजे. निळा, पिवळा, लाल, पांढरा आन केशरी. केशरी न्हाई म्हनू नका." आता आठ बटणांत केशरी कुठून आणायचा? मी भरतकामातलीच युक्ती केली. एक ठिपका लाल, शेजारचा पिवळा, खालच्या ओळीत उलट. दोन हातांवरून बघितलं तर पडद्यावर झगझगीत केशरी पट्टा. गुरुजी खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेले आणि चष्मा काढून बघत राहिले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गावचं गिऱ्हाईक भगवा झेंडा मागायला आलं. त्यांनाही मी तोच केशरी दिला. बाहेर काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, माझ्या पडद्यावर मात्र दोघांचं एकाच रंगात भागलं.

इतकं सगळं हे मशीन करत होतं, आणि दत्तरावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. कारण त्यांचा विश्वास छापील कागदावर. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून ते दर महिन्याला कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक आणायचे. त्यात वर्षातून एकदा घरगुती कॉम्प्युटरांचा मोठा तक्ता यायचा. उभे रकाने मेमरी, प्रिंटर, किंमत, ग्राफिक्स असे. ग्राफिक्स म्हणजे पडद्यावर चित्रं काढायची ताकद. महागड्या मशीनांपुढं त्या रकान्यात ओळीच्या ओळी लिहिलेल्या. आमच्या मशीनपुढं एक आडवी रेघ. बस्स, रेघ. वाईट म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी बघितलंच नव्हतं. खाली बारीक अक्षरांत, मुलांना खेळायला ठीक आहे, अशा अर्थाचं एक वाक्य.

"बघ, रेघ हाय," दत्तराव म्हणायचे. "मोठ्या शहरातली मानसं हायती, त्यांनी तपासूनच लिहिलं असंल ना?"

"आन मी काय करायलेय मग रोज?" मी विचारायची.

"तू करायलीस गं, पन तक्त्यात न्हाई ते."

आणि नेमकी तेव्हाच माझ्या हातून ती चूक झाली.

पाथरीच्या पलीकडच्या एका गावचे आश्रोबा म्हणून शेतकरी होते. चार एकर कोरडवाहू, साधा माणूस. त्यांनी थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न लावून दिलं. भाऊ पाच वर्षांपूर्वी वारलेला. भावजय गयाबाई आणि तिची मुलगी आश्रोबांनीच सांभाळलेली. त्यांची एकच अट होती, "ताई, पयलं नाव माझ्या भावाचं. कैलासवासी मुंजाजी. माझं मागून कुठंबी घाला." मी त्या नावासाठी जीव ओतला. चारी बाजूंनी वेल काढली. आणि रंग निवडले हिरव्या जमिनीवर राणी अक्षरं. आमच्याकडं हिरव्या लुगड्याला राणी काठ म्हणजे लग्नातला सगळ्यात देखणा जोड. दुकानातल्या रंगीत टीव्हीवर नाव असं उठून दिसलं की दत्तरावसुद्धा "वा" म्हणाले.

आठ दिवसांनी आश्रोबा सकाळच्या एस.टी.नं आले आणि दुकानाच्या पायरीवरच बसले. आत या म्हटलं तरी येईनात.

"ताई, तुमी माझ्या भावाचं नाव खाल्लं," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. पाथरीहून भाड्यानं व्हीसीआर आणला होता. भर दुपारी खिडकीला पोतं लावून, अख्खी गल्ली ओसरीत बसवून कॅसेट लावली. गणपती आला, पोपट आले, मग नुसताच करडा पडदा आला आणि गेला. त्यानंतर नवरा-नवरीची नावं, आणि शेवटी 'आपला नम्र, आश्रोबा'. गयाबाईला वाचता येत नव्हतं, पण शेजारच्या शिकलेल्या सुनेला तिनं विचारलं, "ह्यांचं नाव आलं का गं?" ती म्हणाली, न्हाई आलं.

"वैनी काय बोलली म्हाईत हाय का?" आश्रोबा म्हणाले. "म्हनली, आज नाव काढलं, उद्या वाटा काढशील. पाच वर्षात येक शबूद वाकडा गेला न्हाई आमच्यात. आता चूल येगळी केलीया. म्हायेरी निघायलीय रविवारी. मी काय तोंड दाखवू, सांगा."

मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि तीच कॅसेट आमच्या टीव्हीवर लावली. हिरव्या जमिनीवर राणी रंगात, वेलीच्या मधोमध, कैलासवासी मुंजाजी. आश्रोबांना लिहितावाचता येत होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"मंग आमच्या टीव्हीत का न्हाई आलं?"

"तुमचा टीव्ही रंगीत हाय का?" मी विचारलं.

"न्हाई हो. काळा-पांढरा हाय, सेलूच्या बाजारातून जुना घेतलेला."

दत्तराव मागं उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "झालं. मासिकात लिहिलंय ते खोटं न्हाई. खेळन्यातल्या मशीनवर लोकांच्या इज्जतीचं काम करूच नये. रविवारपर्यंत ते नाव आलं तर आलं, न्हाईतर मी सलीमभाईला निरोप धाडायलोय, गिऱ्हाईक बघा म्हणून." मी आश्रोबांना म्हटलं, तुम्ही गावी जा, रविवारी आम्हीच येतो, आणि वहिनींना तेवढं थांबवून धरा.

दुसऱ्या दिवशी नामांतराच्या पायी परभणी बंद होती. शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गिऱ्हाईक नाही. त्यामुळं दिवसभर टीव्ही माझ्या ताब्यात होता. टीव्हीला रंग कमीजास्त करायची एक गोल चकती होती. ती मी पार शून्यावर नेली. रंग गेले, पडदा काळा-पांढरा झाला, आणि मुंजाजी माझ्या डोळ्यांदेखत गायब झाले. हिरवा आणि राणी, दोन्ही एकसारखे करडे. इतकी वर्षं भरतकाम शिकवणारी बाई, आणि रंगाच्या आत उजेड किती आहे हे कधी बघितलंच नव्हतं.

मग म्हटलं, आठही रंग एकदा असे बघून घेऊ. पडद्यावर आठ उभे पट्टे काढले, बटणांच्याच क्रमानं, शून्यापासून सातपर्यंत. चकती शून्यावरच होती. आणि समोर जिना उभा राहिला. काळा, त्याहून थोडा उजळ, त्याहून थोडा उजळ, एकेक पायरी चढत थेट पांढऱ्यापर्यंत. एकही पायरी मागंपुढं नाही. तेव्हा मला ती क्रमवारी कळली. साहेबानं रंग फेकले नव्हते. ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही नाही, त्यांनाही चित्र दिसावं म्हणून कुणीतरी उजेडाच्या हिशेबानं आकडे दिले होते. राणी तीनवर, हिरवा चारवर. शेजारच्या पायऱ्या मी एकमेकींवर ठेवल्या होत्या, म्हणून नाव बुडालं.

कोण कुठला तो माणूस, कधी परभणीचं नाव त्यानं ऐकलं नसेल. पण आश्रोबांच्या ओसरीतला जुना टीव्ही त्यानं डोळ्यांपुढं ठेवला होता. आणि ज्यांचं कामच मशीनं तपासायचं, त्या मासिकवाल्यांना ही गोष्ट दिसली नाही. त्यांच्या कचेरीत सगळे टीव्ही रंगीत असणार, त्यांना चकती शून्यावर न्यायची गरजच कशाला पडेल? मी त्या दिवशी माझ्यापुरता नियम केला की अक्षर आणि जमीन यांत निदान चार पायऱ्यांचं अंतर हवं. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं घातली, एकावर सहा. वेल पांढरी केली. चकती खाली नेली, वर नेली, नाव काही हललं नाही.

रविवारी दत्तरावांनी व्हीसीआर मांडीवर घेतला, मी कॅसेट पिशवीत घेतली, आणि आम्ही पाथरीपर्यंत एस.टी.नं, पुढं जीपनं गेलो. ओसरीत गल्ली जमलेलीच होती. गयाबाई दारात गाठोडं घेऊन बसल्या होत्या, टीव्हीकडं पाठ करून. खिडकीला पोतं लागलं. गणपती आला, पोपट आले. आणि मग मागच्या बाजूनं त्या शिकलेल्या सुनेचा आवाज आला, "आलं! आत्याबाई, आलं! कैलासवासी मुंजाजी!"

गयाबाई वळल्या. त्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, म्हणून त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. "कुठं हाय? बोट लाव," म्हणाल्या. सुनेनं काचेवर बोट ठेवलं. गयाबाईंनी त्या बोटाशेजारी आपला तळवा ठेवला, पण तेवढ्यात टायटल सरकलं. दत्तराव झटकन पुढं झाले, कॅसेट मागं नेली आणि नाव पडद्यावर थांबवून धरलं. गयाबाईंनी पुन्हा त्या नावावर तळवा ठेवला. मग आश्रोबांना म्हणाल्या, "भाऊजी, मी येड्यावानी बोलले." आश्रोबांनी दारातलं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. माझ्या कामाच्या आयुष्यात मी एवढी खूश दुसऱ्यांदा झाले नाही.

परतीच्या जीपमध्ये दत्तराव व्हीसीआर मांडीवर घेऊन बाहेर बघत होते. त्यांच्या आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. पण रविवारची वाट न बघताच त्यांनी सलीमभाईंना निरोप धाडला होता, हे मला माहीत होतं. दिलेला शब्द ते मागं घेणाऱ्यांतले नव्हेत.

मी मासिकाला पत्र लिहिलं. डिक्शनरी घेऊन तीन दिवस खपले. आठ पट्ट्यांचे दोन फोटो जोडले, एक रंगीत, एक चकती शून्यावर नेऊन. केशरीचाही एक घातला. उत्तर आलं, दोन ओळींचं, वर 'डियर सर'. फोटोंबद्दल आभार, जागा असेल तर विचार करू. जागा काही झाली नाही.

दोन-अडीच महिन्यांनी नांदेडहून एक गृहस्थ मशीन बघायला आले. सफारी सूट, बोलणं गोड, काखेत त्याच मासिकाचा नवा अंक. मी टीव्हीपाशी बसले होते. माझं लक्ष अंकावर. त्यांनी तो टेबलावर ठेवला तेव्हा मी आधी वाचकांच्या पत्रांचं पान उलटून बघितलं. माझं पत्र नव्हतं. वर्षाचा तक्ता मात्र आला होता, आणि आमच्या मशीनपुढं तीच रेघ.

गृहस्थांनी भाव पाडायला त्याच रेघेवर बोट ठेवलं. "पाव्हणं, हे बघा. ग्राफिक्सच्या रकान्यात काहीच न्हाई. मी आपला पोरांच्या खेळापायी घ्यायलोय. तुमीच सांगा, ह्याला किती द्यावं?"

दत्तरावांनी अंक जवळ ओढला. चष्मा लावला. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, जसा ते नेहमी वाचत. मग खिशातलं बॉलपेन काढलं आणि त्या रेघेच्या जागी, त्या अरुंद चौकटीत, एकेक अक्षर जपून लिहिलं.

"अहो, माझा अंक हाय तो!" गृहस्थ ओरडले. "काय लिहिलं हे?"

"ग्राफिक्स," दत्तराव म्हणाले. "रकाना रिकामा होता ना." आणि आतून आमचा जुना अंक आणून त्यांच्या हातात दिला. "हा न्या तुमी बदल्यात. मशीन विकायचं न्हाई. शब्द मोडायलोय, माफी करा."

मी उठून बघितलं. चौकटीत निळ्या शाईनं 'सिंधू' लिहिलं होतं.

गृहस्थ चपला घालायला वळले तसे दत्तराव त्यांना म्हणाले, "एवढ्या लांबून आलाव तर बघून तरी जा." मग माझ्याकडं वळले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

"सिंधू," ते म्हणाले, "यांना तो केशरी दाखव."

मी मशीन चालू केलं.